सिन्यार : सोबतीने निघालेली गलबते

आपल्यापैकी जी मंडळी इंग्लंडमध्ये राहून आली आहेत, त्यांनी तिथल्या कालव्यांवरचे बोट क्लब नक्की पाहिले असतील. लांबट, अरुंद, रंगवलेल्या बोटी, त्यांवर फुलझाडांच्या कुंड्या आणि चहाची किटली. एके काळी या कालव्यांतून कोळसा आणि चिनी मातीची भांडी जात. पुढे तो माल रेल्वेने आणि ट्रकने ओढून घेतला, कालवे गाळाने भरू लागले. तेव्हा १९४६ साली काही हौशी लोकांनी एकत्र येऊन कालवे वाचवण्यासाठी संस्था काढली. पुढची कित्येक वर्षे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ उपसत राहिले. आज ते पाणी पुन्हा वाहते आहे, याचे बरेचसे श्रेय या मंडळींना जाते.

त्या क्लबांचा एक शिरस्ता मला फार आवडतो. कालव्याच्या चढ-उतारावर ‘लॉक’ असतात. एक बोट वर किंवा खाली न्यायची तर सुमारे लाखभर लिटर पाणी खर्च होते. आपली बोट गेली म्हणून झडपा तशाच उघड्या टाकल्या, तर पाणी वाहून जाते आणि मागचा बोटवाला चिखलात रुततो. म्हणून ओळख असो वा नसो, मागून येणाऱ्याची काळजी घ्यावीच लागते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे दोह्यात कशाला? कतारमध्ये बारमाही नदी एकही नाही, तेव्हा कालवे कुठून येणार? पर्ल बेटावर ‘कनात क्वार्टर’ मध्ये आहेत ते कालवे (अरबीत ‘कनात’ म्हणजे कालवाच) समुद्राचे पाणी आत घेऊन शोभेसाठी केलेले. पण बोटीभोवती माणसांनी एकत्र येणे, एकमेकांच्या भरवशावर पाण्यात उतरणे, आणि धंदा बुडाल्यावरही ती विद्या हौसेने जपणे, हे सगळे या देशात आहे. त्याला इथला शब्द आहे ‘सिन्यार’.

सिन्यार म्हणजे काय?

मोत्यांच्या शोधात एकत्र निघालेल्या गलबतांचा ताफा म्हणजे सिन्यार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कतारची वस्ती सुमारे २७ हजार होती आणि तिचा मोठा भाग मोत्यांच्या धंद्यावर जगत होता. उन्हाळा सुरू झाला की गलबते निघत. निघण्याच्या दिवसाला ‘दश्शा’ म्हणत आणि सप्टेंबरअखेर परतण्याच्या दिवसाला ‘कुफ्फाल’. मधले चार महिने किनारा दुरावलेला. जून-जुलैत आपण दोन मिनिटे गाडीपर्यंत चालत जाताना कासावीस होतो. त्या उन्हात ही माणसे उघड्या फळीवर राहत.

आपल्याकडे नेमके उलटे. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग समुद्रात जायचे. कोकणात नारळ वाहून निरोप दिला जातो, तर इथे हंगाम संपत आला की बायका किनाऱ्यावर जमून गाणी म्हणत आणि आता आमची माणसे परत दे, म्हणून समुद्राला विनवीत. दोन्हीकडे काळजी तीच.

गलबतावरची कामे

गलबतावर प्रत्येकाचे काम ठरलेले. ‘नोखदा’ म्हणजे कप्तान. ‘घैस’ म्हणजे बुडी मारणारा. ‘सैब’ म्हणजे वर उभा राहून त्याचा दोर सांभाळणारा. ‘रदीफ’ म्हणजे हाताखालचा पोरगा आणि ‘तब्बाब’ म्हणजे त्याहूनही लहान शिकाऊ मुलगा, जो पाणी आणून देई, कॉफी देई आणि बघून बघून शिके.

घैस नाकाला ‘फिताम’ नावाचा चिमटा लावी, बोटांना चामड्याची टोपणे, गळ्यात शिंपल्यांसाठी ‘दय्यीन’ नावाची जाळी, आणि पायाला जड दगड. दगडाच्या वजनाने तो भरकन तळाला जाई. दगड लगेच वर ओढून घेत. एक-दीड मिनिटात जेवढे शिंपले हाती लागतील तेवढे गोळा करून तो दोराला हिसका देई आणि सैब त्याला वर खेची. दिवसभर हेच. पोट भरलेले असेल तर बुडी मारता येत नाही, म्हणून दिवसा जवळजवळ उपाशी आणि खरे जेवण रात्री, भात आणि मासे.

सैबचे लक्ष क्षणभर जरी उडाले, तरी खालच्या माणसाचा जीव धोक्यात. खाली जाणाऱ्याचे नाव होते, वर दोर धरणाऱ्याचे फारसे कोणी घेत नाही. आपल्या गणेशोत्सवात रंगमंचावरची मंडळी सर्वांना दिसतात, पण हॉलची परवानगी काढणारा आणि शंभर माणसांचा मसालेभात परतणारा कोणाच्या फोटोत नसतो. वाचकांतल्या सर्व सैबांना हे लगेच पटेल!

आणखी एक माणूस गलबतावर असे. त्याला ‘नह्हाम’ म्हणत. त्याचे मुख्य काम गाण्याचे. शीड चढवताना, वल्ही मारताना, नांगर उचलताना तो गाणे सुरू करी आणि बाकीचे खालच्या घुमणाऱ्या आवाजात साथ देत, टाळ्यांनी आणि ढोलाने ताल धरत. ताल चुकला की जोर चुकतो, म्हणून गाणे ही चैन नव्हती. जाळे ओढताना आपले कोळी बांधव आवाज देतात तो याच कारणाने. शेजारच्या बहारीनमधल्या ‘फिजिरी’ या मोतीवाल्यांच्या गाण्यांना २०२१ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले आहे.

चुना, चरबी आणि माझा विषय

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे गलबत पाहिले की माझी नजर बुडाकडे जाते. लाकूड खाऱ्या पाण्यात ठेवले की एक पोखरणारा किडा त्यात शिरतो आणि बाहेरून धड दिसणारी फळी आतून चाळणी होते. इथल्या आखाताचे पाणी महासागरापेक्षा जास्त खारट, लिटरमागे चाळीस ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मीठ. यावर जुन्या कारागिरांनी काढलेला उपाय म्हणजे चुना आणि जनावराची चरबी एकत्र मळून पाण्याखालच्या भागाला जाड थर द्यायचा. पाण्यावरच्या भागाला शार्कच्या यकृताचे तेल चोपडायचे (वास काय असेल, याची कल्पना करा!).

चुना आणि चरबी एकत्र आली की हळूहळू कॅल्शियमचा साबण तयार होतो. हा साबण पाण्यात विरघळत नाही. बोअरिंगच्या जड पाण्यात कपडे धुताना फेस न येता पांढरट साय बसते, तो हाच पदार्थ. कपड्यावर आपल्याला तो नकोसा, गलबताला मात्र तेच चिलखत. लेप काही काळाने उतरतो, म्हणून गलबत पुन्हा पुन्हा वाळूवर ओढून, खरवडून नवा थर द्यावा लागे. हे काम एकट्याचे नव्हे, सगळे हात लागत.

गंमत म्हणजे ज्या मोत्यासाठी एवढा खटाटोप, तोही मुख्यतः कॅल्शियमचाच. खडूत असते तेच कॅल्शियम कार्बोनेट, फक्त शिंपल्याने त्याचे पातळ थर एकावर एक बसवलेले आणि मध्ये सेंद्रिय पदार्थाची चिकटण.

कर्जाचा दोर

हे सारे वाचताना चित्र फार गोड वाटेल, म्हणून दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. हंगामाआधी घरखर्चासाठी नोखदा उचल देई आणि तोही बहुधा व्यापाऱ्याकडून कर्ज घेई. हंगामाच्या शेवटी मोती विकून आलेल्या पैशातून आधी खर्च वजा होई आणि उरले त्याचे हिस्से पडत. बुडी मारणाऱ्याचा हिस्सा मोठा, दोर धरणाऱ्याचा त्याहून लहान. तब्बाबला हिस्साच नाही. मोती चांगले मिळाले नाहीत, तर उचल फिटत नसे आणि पुढच्या वर्षी त्याच गलबतावर परत यावे लागे. बाप गेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर. बुडी मारणाऱ्यांत गुलामही होते. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ साली कायद्याने बंद झाली. मशेरेबमधल्या बिन जलमूद घरात या गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. मोठ्या मुलांना घेऊन ते जरूर पाहा.

सावकाराचे कर्ज, बापानंतर मुलाने फेडायचे, हे आपल्याला काही नवीन नाही. त्यामुळे ‘जुने ते सगळे सोने’ असे म्हणण्याचा मोह मला तरी होत नाही. धंदा बुडाला तेव्हा हाल मात्र गरिबांचेच झाले. जपानी लोकांनी शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली, पाठोपाठ १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि दहा-बारा वर्षांत किनारा ओस पडला. दुखानला तेल लागले, पण महायुद्धामुळे काम थांबले, आणि तेलाची पहिली निर्यात व्हायला १९४९ चा डिसेंबर उजाडला. मधली वर्षे फार हलाखीची गेली.

मुंबईशी धागा

या साऱ्यात मुंबई कुठे? पावलोपावली! इथले मोती विकायला मुंबईच्या बाजारात जात. येताना तांदूळ, कापड, मसाले, काथ्याचे दोर येत. गलबताचे सागवान मलबारहून येई. अरबीत सागवानाला ‘साज’ म्हणतात, म्हणजे आपला ‘साग’. चलनही रुपयाच. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन होईपर्यंत त्या कतारमध्ये चालत.

शब्दांचे नातेही तसेच. इथला ‘नोखदा’ आणि आपल्या कोळीवाड्यातला ‘नाखवा’ एकाच फारशी शब्दाची लेकरे. ‘सुक्कान’ चे आपण ‘सुकाणू’ केले. ‘खलाशी’ आणि ‘मोसम’ हे अरबीतून आले. उलट इथले जुने नावाडी डोलकाठीला ‘दोल’ म्हणत, तो आपल्याकडून इथे आलेला. आपल्या आधी आपली भाषा इथे पोहोचली होती, आणि तीही व्हिसाशिवाय!

आज काय उरले?

मोत्यांवर पोट भरणारा आज इथे कोणी नाही. तरीही कतारा सांस्कृतिक वसाहतीच्या किनाऱ्यावर २०११ पासून लाकडी गलबतांचा महोत्सव भरतो. २०१२ पासून ‘सिन्यार’ याच नावाने स्पर्धाही होते. तरुणांचे संघ गलबते घेऊन काही दिवस समुद्रावर राहतात आणि जुन्या पद्धतीने, हातातल्या दोरीने मासे धरतात. २०१५ च्या शरद ऋतूत ‘फतह अल खैर’ नावाचे गलबत कताराहून ओमानमार्गे थेट मुंबईला जाऊन आले. ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी मुले महिनाभर शीड आणि दोर शिकतात ती पोटासाठी नव्हे. आजोबांना जे करावेच लागत होते, ते नातू हौसेने करतो. कर्जाचा दोर सुटला आहे आणि विद्येचा धरून ठेवला आहे. इंग्लंडच्या कालव्यांवर गाळ उपसणाऱ्यांनी हेच केले.

आणि खरे पाहिले तर आपणही तेच करतो. गावी मराठी बोलण्यासाठी मंडळ लागत नाही, भाषा हवेतच असते. इथे मुलांना शाळेत, मॉलमध्ये, मित्रांत मराठीची गरज पडत नाही. जिची गरज उरली नाही ती गोष्ट आपोआप टिकत नाही, तिच्यासाठी कोणीतरी शुक्रवारची दुपार द्यावी लागते. जपताना काय टाकून द्यायचे, तेही ठरवावे लागते. जातीपातीची आणि मानापानाची ओझी मुलांच्या गळ्यात घातली नाहीत तरी चालेल. ओव्या, शब्द आणि एकमेकांसाठी दोर धरण्याची सवय मात्र द्यायलाच हवी.

एक गोष्ट विसरू नये. आज दोहा, अल खोर, अल वक्रा इथल्या बंदरांत मासेमारीच्या लाकडी बोटींवर राबणारे हात बहुतेक भारतातून आणि शेजारच्या देशांतून आलेले आहेत. कॉर्निशवर बोटीतून चक्कर मारताना आपण फोटो काढतो आणि उतरतो. पुढच्या वेळी बोटीवरच्या भाऊंना गाव विचारा, पाणी प्यायलात का विचारा. कोणी रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाकडचा भेटला, तर त्याला आपल्या कार्यक्रमाला यायचे आमंत्रण द्या. वर्गणीचा प्रश्न आपण कार्यकर्ते बघून घेऊ.

शेवटी एक विनंती. आपल्यातली काही कुटुंबे कोळी, गाबीत, भंडारी, दालदी घरांतली आहेत. तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेले होडीचे, वाऱ्याचे, भरती-ओहोटीचे शब्द कागदावर लिहून माझ्याकडे किंवा कार्यकारिणीतल्या कोणाकडेही द्या. अर्थ नक्की आठवत नसेल तर तसे लिहा, आपण मिळून शोधू. त्यांच्यासमोर इथले अरबी शब्द मांडून पुढच्या अंकात एक पानभर यादी छापण्याचा विचार आहे. आणि हिवाळ्यात गलबतांचा महोत्सव भरेल, तेव्हा एका शुक्रवारी सगळ्यांनी मिळून मुलांसह कताराला जाऊ. गाड्यांची व्यवस्था करायची आहे, तेव्हा ज्यांच्या गाडीत जागा असेल त्यांनी आधी कळवावे.