स्पोर्ट्स कार बदलताना: ऐकीव काय, खरं काय

दारात दहा-बारा वर्षांची पोर्शे केमॅन उभी आहे, शोरूममधून नव्या 911 च्या टेस्ट ड्राइव्हसाठी फोन येतोय आणि सल्ला द्यायला अख्खा मित्रपरिवार टपून बसलाय. अशा गाड्या आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत, कोल्हापूर-नाशकातही दिसतात. त्यामुळे सल्ल्यांचाही तुटवडा नाही. त्यातले बरेचसे मात्र ऐकीव असतात.

गैरसमज: नवं मॉडेल जुन्यापेक्षा सगळ्याच बाबतीत सरस

केमॅनचंच उदाहरण घ्या. '981' या पिढीच्या केमॅन एसला 3.4 लिटरचं, सहा सिलिंडरांचं, बिनटर्बोचं इंजिन होतं. ताकद 325 अश्वशक्ती. 2016 मध्ये पुढची पिढी '718' या नावाने आली. तिच्या एस मॉडेलला 2.5 लिटरचं चार सिलिंडरांचं टर्बो इंजिन मिळालं, ताकद 350. पीडीके गिअरबॉक्स आणि स्पोर्ट क्रोनो पॅकेज धरून जुनी गाडी शून्यावरून शंभरला 4.7 सेकंदांत जायची, नवी 4.2 सेकंदांत. कागदावर नवीने बाजी मारली. पण इंजिनचे आरपीएम वर चढत जाताना मागून येणारा तो सहा सिलिंडरांचा सूर गेला, आणि ज्यांनी गाडी त्यासाठीच घेतली होती त्यांनी कपाळाला हात लावला. पुढे आधी जीटी4 मध्ये आणि 2020 मध्ये जीटीएसमध्ये 4 लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन परत आलं. म्हणजे 'नवी' म्हणताना नेमकी कोणती नवी, हे आधी विचारायला हवं.

911 चीही तीच गत. 2024 मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत इंजिन सुरू करायला स्टिअरिंगच्या डावीकडे असलेली फिरवायची कळ गेली, तिथे बटण आलं. मधोमध बसणारं काट्याचं आरपीएम मीटर गेलं, सगळा पडदा डिजिटल झाला. साध्या करेराला मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतच नाही, तो हवा असेल तर करेरा टी किंवा जीटी3 कडे वळावं लागतं. उलट बाजूला नवे दिवे, नव्या सुरक्षा यंत्रणा, कंपनीची वॉरंटी हे सगळं आहे, आणि ते कमी मोलाचं नाही.

जुन्याचे भक्त प्रत्येक पिढीला नाकं मुरडतात, हेही लक्षात असू द्या. 1997 मध्ये 911 चं इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड व्हायला लागलं तेव्हा आता सगळं संपलं असं म्हणणारे होतेच. आज ज्या 981 साठी जीव कासावीस होतो, तिच्यातलं इलेक्ट्रिक स्टिअरिंगही तेव्हा अनेकांना पचलं नव्हतं. तेव्हा ना ब्रोशरवर विसंबा, ना भक्तांवर. ज्या रस्त्याने रोज जाता त्याच रस्त्यावर, त्याच स्पीड ब्रेकरवरून टेस्ट ड्राइव्ह घ्या. अर्ध्या सेकंदाची बढाई मिरवायला ठीक आहे, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर आणि बोरघाटात 60 आहे, आणि डोक्यावर कॅमेरे आहेत.

गैरसमज: एक्स्चेंज केलं की कर वाचतो

हा सल्ला बहुधा अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मावशीच्या मुलाकडून येतो, आणि त्याच्यापुरता तो खराही असतो. न्यू जर्सीत जुनी गाडी डीलरला दिली तर विक्रीकर उरलेल्या फरकावरच लागतो. कॅलिफोर्नियात मात्र तीही सवलत नाही, तिथे पूर्ण किमतीवर कर भरावा लागतो. महाराष्ट्रात नव्या गाडीचा जीएसटी आणि आरटीओचा एकरकमी कर तिच्या किमतीवर ठरतो, तुम्ही बदल्यात काय दिलंत याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि हा कर किरकोळ नाही. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारला किमतीनुसार 11 ते 13 टक्के, तर आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या कारला 20 टक्के. 1 जुलै 2025 पासून कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली. आयात होणारी ही सुधारित करेरा भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 1 कोटी 99 लाख होती. तिचे 20 टक्के म्हणजे जवळपास 40 लाख, म्हणून मर्यादेप्रमाणे 30 लाख. जुन्या गाडीला भरलेला कर राज्यातल्या राज्यात विकताना परत मिळत नाही, तो गाडीसोबतच जातो. 'मग दुसऱ्या राज्यात पासिंग करू' हा उपायही टिकत नाही: गाडी महाराष्ट्रात 12 महिन्यांहून जास्त राहिली की इथला क्रमांक घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि कर भरणंही.

एक्स्चेंज म्हणजे एकात गुंतवलेले दोन व्यवहार. विक्री वेगळी, खरेदी वेगळी. नव्या गाडीचा 'विनाएक्स्चेंज' भाव आधी लेखी मागा, मग जुनीचा काढा. एक्स्चेंज बोनसचा आकडा मोठा करून जुन्या गाडीच्या भावात तो वळता करणं ही फार जुनी युक्ती आहे. दुसऱ्या ब्रँडचा डीलर तर तुमची स्पोर्ट्स कार स्वतः ठेवत नाही, बहुतेकदा पुढे दलालाकडे देतो, आणि त्या दलालाचा नफा तुमच्याच भावातून आधी वजा झालेला असतो.

गैरसमज: जुनी गाडी विकली की 18 टक्के जीएसटी भरावा लागतो

डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि हा मेसेज घरोघरी पोचला. वस्तुस्थिती अशी: तो कर जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याला लागतो, आणि तोही त्याच्या नफ्यावर. आपली घरची गाडी विकणाऱ्याला काही नाही. वापरातली वैयक्तिक कार ही भांडवली मालमत्ता धरली जात नसल्याने भांडवली नफ्याचा करही नाही, मात्र तोटा दाखवून वजावटही मिळत नाही. व्यवसायाच्या नावावर घसारा घेतला असेल तर गोष्ट वेगळी, ती सीएला विचारा. नवी घेताना 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून मिळतो.

गैरसमज: कमी धावलेली गाडी म्हणजे नवीकोरी

आठ वर्षांत नऊ हजार किलोमीटर, गॅरेजबाहेर फक्त दसऱ्याला. जाहिरातीत हे छान दिसतं. अशा गाडीपाशी गेलात तर वाकून टायरची बाजू बघा. 'डीओटी' या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. 2317 म्हणजे 2017 सालातला 23 वा आठवडा. खाचा नव्यासारख्या खोल असतील, पण रबर कडक झालेलं असतं आणि पावसाळ्यात घाटाच्या वळणावर नेमकं तेच दगा देतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते किलोमीटरवर नाही, काळावर बदलायचं असतं. बॅटरी बसून मरते. पेट्रोलमधलं इथेनॉलही पाणी धरतं, त्यामुळे महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेलं आजचं पेट्रोल चांगलं नाही. बसून राहिलेल्या गाडीपेक्षा वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर नियमित चाललेली, सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल असलेली गाडी बरी. तुमची जुनी अशी असेल तर भाव ठरवताना ती फाइल टेबलावर ठेवा.

गैरसमज: ठेवली तर किंमत वाढेल

हवेने थंड होणाऱ्या जुन्या 911 चे भाव युरोप-अमेरिकेत चढले हे खरं. तिथे मोठा संग्राहक वर्ग आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक मोजकं, सुटे भाग महाग, आणि 15 वर्षांनंतर फिटनेस करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. गुंतवणूक म्हणून ठेवू नका. आवडते म्हणून ठेवत असाल तर कुणाला हिशेब द्यायची गरज नाही. माझं मत विचाराल तर, नव्या गाडीत हवी असलेली एकही ठोस गोष्ट सांगता येत नसेल तर एवढे पैसे घालून गाडी बदलण्यात अर्थ नाही.

गैरसमज: सह्या केल्या, चावी दिली, आपण सुटलो

फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून गाडी सोडणारे आजही आहेत. 2007 मध्ये विकलेली एक गाडी पुढे आणखी हातांत गेली, 2009 मध्ये अपघात झाला, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. 1 एप्रिल 2023 पासून अधिकृत विक्रेत्यासाठी वेगळी सोय झाली आहे: फॉर्म 29सी ने आरटीओला ऑनलाइन कळवलं की गाडी ताब्यात असेपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. मात्र त्यासाठी तो आरटीओकडे नोंदलेला हवा. नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, तो विमा कंपनीकडून लेखी घेऊन नव्या पॉलिसीला लावा. आणि अशा विक्रेत्याला गाडी देताना 29सी ची पोच हातात पडल्याशिवाय चावी देऊ नका.