सेलमला जाताना: खटल्यांचं गाव एक नव्हे, दोन

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं सेलम १६९२-९३च्या चेटूक-खटल्यांसाठी ओळखलं जातं. पण नुसतं सेलम पाहणाऱ्याला या प्रकरणाचा उगम दिसतच नाही. आरोपांना तोंड फुटलं ते सेलम व्हिलेजमध्ये, पाद्री सॅम्युअल पॅरिस यांच्या घरात. ते खेडं म्हणजे आजचं डॅन्व्हर्स, शेजारचं स्वतंत्र गाव. पॅरिस यांच्या घराचा उत्खननात सापडलेला पाया आणि फाशी गेलेल्या वृद्ध रिबेका नर्स यांचं घर, दोन्ही तिथेच आहेत.

खटले तर मुख्यतः सेलममध्येच चालले, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. १४ स्त्रिया व ५ पुरुष इथेच फासावर गेले. आणखी एक आरोपी, जाइल्स कोरी, दगडांच्या भाराखाली मेले. (जाळलं मात्र कोणालाच नाही, समज काहीही असो.) तरी सेलममध्ये त्या काळाचं उरलंय थोडंच. खटल्यांशी थेट नातं असलेली एकच वास्तू शहरात उभी आहे: न्यायाधीश जोनाथन कॉर्विन यांचं घर, म्हणजे ‘विच हाउस’. फाशीची जागा, प्रॉक्टर्स लेज, २०१६ साली निश्चित झाली. तिथलं स्मारक २०१७चं. चार्टर स्ट्रीट दफनभूमीलगतचं स्मारक १९९२चं. ‘विच म्युझियम’मध्ये मुख्यतः पुतळ्यांचे देखावे आहेत.

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून सेलम लोकलने साधारण अर्ध्या तासावर. डॅन्व्हर्सला प्रवासी रेल्वे नाही, गाडी लागते. ऑक्टोबरात हॅलोविनमुळे तुडुंब गर्दी असते.