हिरवळीचा जमाखर्च

अर्थशास्त्राचा प्रारंभ होतो तो दुर्मीळतेच्या कल्पनेपासून. साधने मर्यादित असतात, गरजा अमर्याद. म्हणून निवड करावी लागते आणि प्रत्येक निवडीची किंमत कोणीतरी मोजतो. हे सूत्र वर्गात फळ्यावर लिहिणारे आपण त्याच महाविद्यालयाच्या दर्शनी भागातील हिरवळीस मात्र ते लावीत नाही. बाग हा सौंदर्याचा विषय, त्यात हिशेब कसला, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखात तो हिशेब मांडण्याचा विचार आहे.

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दररोज निदान पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे एक हजार चौरस मीटरच्या, सुमारे पाव एकराच्या, हिरवळीस रोज ५ हजार लिटर पाणी हवे. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर धरले जाते. त्या मापाने ही एक हिरवळ ३७ माणसांचे पाणी पिते. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांची बेरीज ६ लाख लिटर, अर्थात १० हजार लिटरचे ६० टँकर होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाचे लक्ष ज्या गाडीकडे लागले होते, तिच्यातील पाणी पाव एकर हिरवळीला एक उन्हाळाभरसुद्धा पुरले नसते!

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, आमची बाग विंधनविहिरीच्या पाण्यावर आहे, नगरपालिकेच्या नव्हे. परंतु भूगर्भातील पाणी कुंपण ओळखत नाही. आपण उपसलेले पाणी शेजाऱ्याच्याही वाट्याचे असते. त्याचे देयक येत नाही, एवढ्यावरून ते फुकट ठरत नाही. दुसरा आक्षेप, आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरतो. ते चांगलेच आहे. पण तेच पाणी शौचकुपांसाठी वापरले तर तेवढे पिण्याजोगे पाणी वाचते. ज्याचा अन्य उपयोग होऊ शकतो, ते कधीच फुकट नसते.

मग बागा करूच नयेत काय? तसे मुळीच नाही. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी असते. या मातीतल्या वनस्पतींनी हजारो वर्षांपूर्वीच अंथरूण पाहून पाय पसरण्याची विद्या आत्मसात केली आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर उन्हाळा लागण्यापूर्वी पाने गाळून पाण्याचा खर्च कमी करतात आणि त्याच निष्पर्ण फांद्यांवर फुले मिरवितात. बहावा ऐन वैशाखात पिवळ्या घोसांनी लगडतो. कुंपणाला निर्गुडी, अडुळसा, मेंदी आहेत. वाफ्यांना कोरांटी आणि शतावरी आहे. राज्यपुष्पाचा मान मिळालेला ताम्हण किती संस्थांच्या आवारात आढळतो, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परदेशी झाड म्हणजे तहानलेले झाड, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. मादागास्करचा गुलमोहर आणि मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प कोरड्या जमिनीतही तग धरतात. प्रश्न पाण्याइतकाच सोबतीचा आहे. बहाव्याची पाने फुलपाखरांच्या अळ्या खातात. रुईवर आणि कढीपत्त्यावर निरनिराळ्या जातींची फुलपाखरे वाढतात. उंबराच्या फळात चिमुकल्या कीटकांचा संसार चालतो आणि पिकल्या फळांवर हरियालांचे थवे उतरतात. ही नाती जुळण्यास युगे लागतात. बाहेरून आणलेल्या झाडाभोवती ती पाचपन्नास वर्षांत उभी राहत नाहीत. महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ या फुलपाखरास राज्यचिन्हाचा मान दिला. पण त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातील पाने लागतात. खाद्यवनस्पतीवाचून असा मान कागदावरच राहतो.

देशी झाडांनाही पहिली दोन-तीन वर्षे पाणी द्यावे लागते. आणि कोकणातील झाड सोलापुरात लावून ते जगले नाही म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. कोणते झाड कोठे वाढते, याची माहिती आपल्यापाशी नाही असेही नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला होता. ज्ञान आहे, रोपे मिळत नाहीत. मागणी नाही म्हणून रोपवाटिका देशी रोपे करीत नाहीत आणि रोपे नाहीत म्हणून मागणी वाढत नाही. हे चक्र एकटादुकटा घरमालक भेदू शकणार नाही. ते काम मोठ्या ग्राहकाचे, म्हणजे नगरपालिकांचे, विद्यापीठांचे आणि सरकारी कार्यालयांचे आहे. त्यांनी आपल्या निविदांत स्थानिक झाडांची यादी घातली, तर दोन-तीन वर्षांत बाजार आपोआप वळेल.

कमी पाण्याच्या बागेची कल्पना अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९८१ साली रुजली, ती तेथील पाणीपुरवठा खात्याच्या पुढाकाराने. नेवाडा राज्याने तर २०२१ साली कायदा करून, दक्षिणेकडील शहरी भागात निव्वळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी २०२७ पासून देण्यास मनाई केली. मात्र राहत्या घरांची अंगणे त्यातून वगळली. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुले खेळतात ते मैदान राहू द्यावे. ज्या हिरवळीवर ‘आत येऊ नये’ अशी पाटी आहे, तिच्यापासून आरंभ करावा. जेथे माणसाने पाऊल टाकायचे नाही आणि पाखराने उतरण्याजोगे काही नाही, त्या जागेसाठी कोणाच्या घागरीतले पाणी आपण ओततो आहोत, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने येत्या पावसाळ्यापूर्वी स्वतःला विचारावा.