पुलावरच्या गर्दीचं पंचांग

सिंगापूरहून मलेशियात जायला समुद्र ओलांडावा लागतो, पण तो जेमतेम एक किलोमीटरचा. जोहोरच्या सामुद्रधुनीत भराव टाकून बांधलेला हा रस्ता १९२४ साली रीतसर खुला झाला. सगळे त्याला नुसतं ‘कॉजवे’ म्हणतात. अलीकडे वुडलँड्सचा चेकपॉइंट, पलीकडे जोहोर बाहरू, म्हणजे तिथल्या माणसांच्या तोंडी ‘जेबी’. १९९८ पासून पश्चिमेला तुआसचा दुसरा पूलही आहे. तरी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी गाड्या तासन् तास मुंगीच्या पावलांनी सरकतात. एकट्या कॉजवेवरून साध्या दिवशीही सुमारे तीन लाख माणसं ये-जा करतात. पहाटे जोहोरहून कामाला निघालेल्या मोटरसायकलींचा लोंढा येतो. शनिवार-रविवारी सिंगापूरची कुटुंबं स्वस्त खरेदीला, जेवायला, केस कापायला तिकडे जातात. एका सिंगापूर डॉलरला तीनहून अधिक रिंगिट मिळतात म्हटल्यावर कोण जाणार नाही?

मग कोणत्या दिवशी किती माणसं येतील, हे आधी कसं ओळखायचं? आणि ओळखून एवढा काय फरक पडतो?

फरक किती पडतो, ते एका खिडकीवर मोजून पाहू. समजा, एका माणसाचं काम सरासरी अर्ध्या मिनिटात होतं, म्हणजे तासाला १२० माणसं. लोक आपापल्या सवडीने, कसेही येतात. तासाला सरासरी १०८ आले, तर रांगेतलं थांबणं सरासरी साडेचार मिनिटांचं. ११४ आले, तर साडेनऊ. आणि आणखी पाचच वाढून ११९ झाले, तर? तो ओघ तसाच चालू राहिला, तर जवळजवळ एक तास! खिडकीची ताकद अजून पुरती संपलेलीही नाही, पण रांग आकाशाला भिडली. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा कुठेतरी चुकलंय असं वाटून पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. आता याच ११९ माणसांसाठी अर्ध्या मिनिटातले फक्त पाच सेकंद वाचवा. थांबणं तासावरून दोन मिनिटांवर उतरतं. मार्च २०२४ पासून सिंगापूरने वुडलँड्स आणि तुआस या दोन्ही चेकपॉइंटवर पासपोर्टऐवजी क्यूआर कोड दाखवायची सोय केली. गाडीतल्या दहा जणांपर्यंत एकच कोड चालतो. त्या काही सेकंदांचं मोल इथे कळतं. अंदाजात चार-पाच टक्क्यांची चूक झाली तर काय होईल, हेही कळतं.

अंदाज बांधायची जुनी रीत साधी आहे: गेल्या वर्षी याच महिन्यात काय झालं होतं ते बघा, आणि वाढीचा कल त्यात मिसळा. जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेनकिन्स यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात हीच रीत गणिताच्या शिस्तीत बसवली. त्यांचं गाजलेलं उदाहरण १९४९ ते १९६० या काळातल्या आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांचं, महिन्यामागून महिना अशा १४४ आकड्यांचं. दर उन्हाळ्यात शिखर, दर हिवाळ्यात दरी. त्या आलेखाकडे पाहिलं की वर्ष श्वास घेतंय असं वाटतं.

कॉजवेवर मात्र ही रीत अडखळते, कारण इथे वर्ष एकटं नाही. शाळांच्या सुट्ट्या इंग्रजी महिन्यांप्रमाणे येतात: मार्च, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर-डिसेंबर. पण चिनी नववर्ष २०२३ मध्ये २२ जानेवारीला आलं आणि २०२४ मध्ये १० फेब्रुवारीला. तिथे ईदला ‘हरी राया’ म्हणतात. ती २०२४ मध्ये १० एप्रिलला आली, तर पुढच्या वर्षी ३१ मार्चला. दीपावलीची सुट्टी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. अंदाज बांधणाऱ्या यंत्राला ‘गेल्या वर्षीचा फेब्रुवारी’ शिकवून ठेवला, तर ते रिकाम्या पुलावर सणाची गर्दी शोधत बसेल. म्हणून अंदाज करणाऱ्याला प्रत्येक सणाची तारीख आधी भरावी लागते. सणाच्या किती दिवस आधी लोक निघतात आणि किती दिवसांनी परततात, हेही वेगळं शिकवावं लागतं.

सणांच्या तारखा लावण्याचं हे काम आपल्याकडे भिंतीवरची दिनदर्शिका रोज करते. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक मास, हे आपल्याला ठाऊक असतं. चिनी पंचांगाचा नियमही मुळात तोच! सूर्याच्या वाटेचे त्यांनीही बारा टप्पे केलेत, आणि ज्या महिन्यात असा टप्पा येत नाही तो महिना ते अधिक धरतात. संक्रांती मोजायची पद्धत वेगळी, म्हणून अधिक महिना एकाच वेळी येईल असं नाही. २०२३ मध्ये आपला श्रावण अधिक होता, त्यांचा दुसरा महिना. हिजरी वर्षात मात्र असा जादा महिना नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. चंद्र एकच, पण त्याच्याशी केलेले करार तीन, आणि तिन्हींची गर्दी याच पुलावर.

त्यात माणसंही वहिवाट बदलतात. जोहोरमध्ये २०१४ पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी होती. १ जानेवारी २०२५ पासून ती शनिवार-रविवार झाली. एका रात्रीत अकरा वर्षांची आठवड्याची चाल जुनी झाली! त्याआधी मार्च २०२० पासून महासाथीत सीमा जवळपास बंद होती. ती पूर्ववत खुली झाली १ एप्रिल २०२२ ला. या दोन वर्षांचे आकडे जसेच्या तसे दिले, तर यंत्राला वाटेल की लोकांना जाण्याची हौसच उरली नव्हती. ती पानं कोरी समजूनच पुढे जावं लागतं.

सगळ्यात नवलाची गोष्ट मला वेगळीच वाटते. सुट्ट्यांच्या आधी सिंगापूरचं इमिग्रेशन खातं इशारा देतं की अमुक दिवशी फार गर्दी होईल, गर्दीच्या वेळा टाळा. काही जण मग बेत बदलतात. वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणून ढग वाट बदलत नाही, पण इथे अंदाज ऐकून गर्दी स्वतःच सरकते. मग रांग कमी झाली, तर अंदाज चुकला म्हणायचं की फळला?

१९९६ ते १९९८ अशी सलग तीन वर्षं ईद आणि चिनी नववर्ष अगदी लागून आले. दोन्ही सणांच्या शुभेच्छा जोडून मलेशियात त्याला ‘कोंगसी राया’ म्हणू लागले. आता ते पुन्हा जवळ येताहेत: २०२९ मध्ये चिनी नववर्ष १३ फेब्रुवारीला आहे आणि ईद त्यानंतर एक-दोन दिवसांनी, चंद्र दिसेल तशी. पुढची दोन वर्षंही तसंच. मागचा जोडसण सुरू झाला तेव्हा तुआसचा पूल खुलासुद्धा नव्हता. या खेपेला एका दिशेने ताशी दहा हजार माणसं नेण्यासाठी आखलेली, सामुद्रधुनी ओलांडणारी नवी रेल्वेही हाताशी असायला हवी. त्या आठवड्यात पुलावर किती माणसं असतील, याचा नमुना जुन्या आकड्यांत कुठेच नाही. तारीख मात्र आजच लिहून ठेवता येते.