विजेवाचून चालणारा ट्रॅक्टर

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून रात्री प्रवास करणाऱ्या मोटारचालकांची एक तक्रार ठरलेली असते. उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. मागे दिवा नसतो, आणि असलाच तर तो पेटत नाही. याचा दोष चालकाच्या बेफिकिरीला दिला जातो. तो काही अंशी खराही आहे. पण ही बेफिकिरी इतकी वर्षे परवडते कशी, याचे उत्तर ट्रॅक्टरच्या यंत्ररचनेत आहे.

जुन्या धाटणीचा डिझेल ट्रॅक्टर एकदा सुरू झाला की त्याला विजेची गरज उरत नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीवाचून इंधन पेटत नाही. डिझेल इंजिनात मात्र हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. डिझेल पुरवणारा पंपही इंजिनाच्याच गतीवर फिरतो. इंजिन बंद करतानासुद्धा किल्लीचा उपयोग नसतो. मूठ ओढून डिझेलचा पुरवठा तोडावा लागतो. त्यामुळे बॅटरी उतरलेली, डायनामो निकामी झालेला आणि वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असल्या, तरी नांगरट अडत नाही. रात्री ट्रॅक्टर उतारावर उभा करून ठेवला की सकाळी ‘सेल्फ’वाचूनही काम भागते. मोटारीचे वायरिंग बिघडले की मोटार थांबते, म्हणून ते दुरुस्त होते. ट्रॅक्टरचे वायरिंग बिघडले तरी काहीच थांबत नाही, म्हणून तेथे ठिगळावर ठिगळ चढत जाते.

वस्तुतः ही रचना अगदी साधी आहे. १९६० मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या टाफेचे मॅसी फर्ग्युसन, १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा बी-२७५, पिंजोरच्या एचएमटीने १९७१ पासून काढलेला झेटर २५११ या पिढीतील यंत्रांत बॅटरी, सेल्फ, बॅटरी भरणारा डायनामो, त्यावर नियंत्रण ठेवणारा कटआउट, दिवे आणि भोंगा एवढाच पसारा असतो. प्रत्येक दिव्याकडे एकच वायर जाते. परतीचा मार्ग म्हणजे ट्रॅक्टरचा लोखंडी सांगाडा, ज्याला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात.

खरी मेख येथेच आहे. निम्मे वायरिंग लोखंडाचे असल्याने गंज, चिखल आणि रंगाचा थर हे त्याचे शत्रू ठरतात. एक दिवा लावताच दुसरा मंद होत असेल, तर दोष बहुधा बल्बमध्ये किंवा वायरीत नसून अर्थच्या जोडात असतो. ट्रॉलीच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी बिकट. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी पिन वंगणाने माखलेली, गंजलेली आणि सैल असते. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यागणिक तिचा स्पर्श तुटतो. या पिनेतून वीज परत येईल, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे दिवा दैवावर सोडणे होय. म्हणून नवे वायरिंग करताना शेवटच्या ट्रॉलीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर नेणे हे सर्वांत महत्त्वाचे काम.

ही वायर किती जाड असावी, याचाही हिशेब आहे. २१ वॅटच्या दोन ब्रेक दिव्यांना मिळून साडेतीन अँपिअर वीज लागते. पंधरा मीटर अंतरावर एक चौरस मिलिमीटरची वायर वापरली, तर जाऊन-येऊन सुमारे १.८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बारा व्होल्टमधून एवढे वजा झाले की साध्या बल्बचा प्रकाश चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतो, कारण व्होल्टेज थोडे उतरले तरी प्रकाश त्याच्या कितीतरी पट उतरतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर हीच घट पाऊण व्होल्टच्या आत राहते. दोन्ही वायरींच्या किमतीतला फरक फार नाही.

जुने वायरिंग उपटून फेकण्याची घाई मात्र अंगाशी येते. अनुभवी कारागीर ते अखंड काढून जमिनीवर पसरतात आणि त्याच मापाने नवे बांधतात. त्याआधी बॅटरीची अर्थकडची वायर सर्वांत प्रथम सोडायची व सर्वांत शेवटी जोडायची. एरवी पाना एकाच वेळी बॅटरीला आणि सांगाड्याला टेकला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्यातून धावतो. वायर बहुतारी हवी. एकाच जाड तारेची वायर ट्रॅक्टरच्या थरथरीने तुटते. जोडाला नुसता डाख दिला तर तो तारांमध्ये झिरपून त्यांना ताठ करतो आणि त्याच्या कडेशी वायर मोडते. त्यापेक्षा दाबून बसवलेले लग टिकाऊ. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी बुश हवे. सायलेन्सर आणि डिझेलची नळी यांच्यापासून वायर दूर ठेवावी. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणे, ही तर आगीला दिलेली उघड सूट आहे. मागच्या ट्रॉलीत वाळलेले पाचट असताना शॉर्टसर्किट काय करील, हे वेगळे सांगावयास नको.

डायनामो काढून आल्टरनेटर बसवण्याकडे आता कल आहे, आणि तो योग्यच आहे. इंजिन मंद फिरत असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. परंतु साठच्या दशकातील काही ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. ते न तपासता आल्टरनेटर जोडला तर त्यातील डायोड तत्क्षणी जळतात.

सर्वांत घातक ठिगळ सेल्फचे. स्विच बिघडला की जमिनीवर उभे राहून पान्याने सेल्फची दोन टोके जोडण्याची सवय अनेकांना जडते. अशा वेळी ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर सुरू होताच तो समोर उभ्या असलेल्या माणसावर चढतो. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीला तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये हा धोका आधीच ओळखलेला होता. त्याचा सेल्फ गिअरच्या दांड्यानेच चालत असे, त्यामुळे गिअर पडलेला असताना चालकाला सेल्फ मारताच येत नसे. पुढे अनेक ट्रॅक्टरांत आलेला न्यूट्रलचा सुरक्षा स्विच याच विचाराचा. दुरुस्तीत नेमका तोच ‘अडचणीचा’ म्हणून वगळला जातो.

ट्रॉलीला परावर्तक पट्ट्या लावल्या की भागते, असा एक समज आहे. त्या हव्यातच, पण मागून येणाऱ्याचा प्रकाश पडेल तेव्हाच त्या चमकतात, आणि लोंबणारे वाढे त्यांना सहज झाकतात. दिव्याची खात्री करण्यास महागडे उपकरण लागत नाही. बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी पुरतात. मागचा दिवा लावून हा बल्ब शेवटच्या ट्रॉलीपाशी दिव्याची वायर आणि ट्रॉलीचे लोखंड यांच्यामध्ये धरावा. तो पेटला नाही, पण दुसरे टोक थेट बॅटरीच्या अर्थशी जोडताच पेटला, तर वायर शाबूत आहे आणि अर्थ तुटलेला आहे.