पाण्यातल्या डॉल्फिनचा फोटो: काढावा कसा, उजळावा किती



आम्ही सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका बचत गटाच्या बायका. घरची माणसं मासेमारी करतात. पर्यटकांच्या हंगामात आम्ही जेवणाच्या ऑर्डरी घेतो आणि सकाळी घरच्याच होडीतून पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेतो. होडीत माहिती सांगायला गटातल्या दोघी असतात. किनाऱ्यावर उतरताना पाहुण्यांची एक तक्रार ठरलेली, "ताई, डॉल्फिन दिसला खरा, पण फोटोत नुसतं पाणीच आलं!"

पहिल्या वर्षी आमच्याही मोबाईलमध्ये पाणीच होतं. हळूहळू हात बसला. म्हणून आज सांगणार आहोत, पाण्यातल्या जनावराचा फोटो काढायचा कसा, नंतर तो नीट करायचा कसा, आणि नीट करता करता थांबायचं कुठे. हे शेवटचं आम्ही चूक करून शिकलो.

आधी डॉल्फिनविषयी. आपल्या किनाऱ्याजवळ बहुतेक वेळा दिसतो तो हम्पबॅक, म्हणजे कुबडवाला डॉल्फिन. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. तो मासा नाही. आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं, आणि तीच आपली फोटोची वेळ. थोड्या थोड्या अंतराने तो दोन-चार वेळा वर येतो, मग खोल बुडी मारतो. पहिल्यांदा दिसला की फोटोची घाई करू नका. तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि मोबाईल त्याच्या थोडा पुढे धरून ठेवा.

होडी त्याच्या अंगावर घालायची नाही. मशीन हळू करायचं, कळपाच्या मधून जायचं नाही, आई आणि पिल्लाच्या मध्ये तर कधीच नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहे, त्याला त्रास देणं गुन्हा आहे. शिवाय पाठलाग केला की तो खोल जातो आणि हाती काहीच लागत नाही. आम्ही लांब थांबतो. पुष्कळदा तोच जवळून जातो.

आता उजेड. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन जमिनीकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतं, तेव्हा डॉल्फिनचा करडा रंग नीट दिसतो. संध्याकाळी ऊन समोरून येतं, पाणी चमकतं आणि डॉल्फिन नुसता काळा दिसतो.

होडीत बसल्यावर मोबाईलची काच मऊ कोरड्या कापडाने पुसा. खारं पाणी उडून तिच्यावर पापुद्रा बसतो, मग फोटो धुरकट येतात. दोन बोटांनी चित्र फार मोठं करू नका. त्याने डॉल्फिन जवळ येत नाही, फोटो मात्र फुटतो. पाण्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच मोबाईलमध्ये नेम पक्का होतो. मग उजेड किंचित कमी करा, कारण ओली पाठ उन्हात पांढरी पडते आणि पांढरं पडलेलं नंतर परत आणता येत नाही. कोपर अंगाला लावून धरा. होडीच्या काठावर टेकू नका, मशीनची थरथर फोटोत उतरते. आणि एकच फोटो न काढता भराभर दहा-बारा काढा. कोणाकडे कॅमेरा असेल तर वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त ठेवा.

घरी आल्यावर निवड. शंभरातले चार चांगले निघाले तरी खूप. निवडलेल्या फोटोची आधी दुसरी प्रत करायची आणि काम त्या प्रतीवरच करायचं. पहिलं काम, पाण्याची रेघ सरळ करणं. तिरकी राहिली तर समुद्र कलंडल्यासारखा वाटतो. दुसरं, आजूबाजूचं जास्तीचं पाणी कापणं, पण डॉल्फिन ज्या दिशेला चाललाय त्या बाजूला थोडी जागा सोडायची. तिसरं, चमक थोडी कमी आणि सावलीतला भाग थोडा उजळ. चौथं, धार किंचित वाढवायची. जेवणातल्या मिठासारखंच हे. पाण्याला निळाशार रंग चढवला की पाहुणे येऊन विचारतात, "तो निळा समुद्र कुठे आहे?"

आता आमची चूक. गटाच्या फलकासाठी आम्ही एक फोटो निवडला. त्यातल्या डॉल्फिनच्या पराला खाच होती आणि खाचेत निळा धागा लोंबत होता. आम्हाला तो घाण वाटला. फोटोच्या दुकानात आम्हीच सांगितलं, "जरा स्वच्छ करून द्या." त्यांनी धागा पुसला, खाच बुजवली. फलक सगळ्यांना आवडला.

काही महिन्यांनी डॉल्फिनचा अभ्यास करणारी एक मुलगी गावात आली. फलक बघून तिने विचारलं, "हा कुठे दिसला, कधी?" तिने समजावलं, की आपण गोठ्यातली गाय शिंगांवरून, ठिपक्यांवरून ओळखतो, तसा एकेक डॉल्फिन पराच्या खाचांवरून आणि अंगावरच्या वणांवरून ओळखता येतो. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "अगं, याच्या परात निळा धागा होता!" मुलगी गप्प झाली. तो जाळ्याचा धागा असणार, आणि असा धागा हळूहळू मांसात रुतत जातो. तिने मूळ फोटो मागितला. मोबाईल भरला म्हणून तो आम्ही कधीच काढून टाकला होता. ज्याने त्या जनावराची ओळख पटली असती आणि दुखणं कळलं असतं, तेच आम्ही घाण म्हणून पुसलं होतं.

तिनेच सांगितलं, की ब्रिटनच्या किनाऱ्यावर सील नावाचे प्राणी आहेत. पाण्यातून फक्त डोकं आणि मान वर काढतात. त्यांच्या कातडीवरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. लोक लांबून काढलेले फोटो जुळवून तोच सील वर्षानुवर्षं ओळखतात. मानेत अडकलेली जाळी, प्लास्टिकची कडी यांचाही पत्ता फोटोतूनच लागतो.

आपल्याकडेही फोटोला किंमत आहे. जाळ्यात डॉल्फिन किंवा कासव अडकलं आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर २०१८ पासून राज्य सरकारच्या योजनेत २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. तो जसा काढला तसाच ठेवा.

म्हणून आता गटाचा नियम असा. उजेड, रंग, कड एवढंच बदलायचं. जनावराच्या अंगावरचं काही पुसायचं नाही, नसलेलं काही घालायचं नाही. मूळ फोटो तारीख आणि जागेसकट वेगळा जपायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे बारीकसारीक खुणा जात नाहीत.

तो डॉल्फिन आम्हाला पुन्हा दिसलेला नाही. पण होडी पाण्यात गेली की आमची नजर आधी पराकडे जाते. फलकावरचा फोटोही बदललाय. नव्या फोटोतल्या डॉल्फिनच्या पाठीवर ओरखडे आहेत. पाहुणे विचारतात, "हे काय झालंय?" आणि तिथूनच आमचं सांगणं सुरू होतं.

तुमच्याकडे समुद्र नसेल, पण तळं असेल, नदी असेल, पाखरं असतील. फोटो काढा, उजळा, पण खरं पुसू नका.