आठ मीटरच्या आत लावलेला परवाना

लॉस एंजलिस परिसरात गाड्यांना रंग मारून देणाऱ्या गॅरेजमध्ये गेलं, की स्प्रे बूथच्या आसपास भिंतीवर एक छापील कागद दिसतो. त्यावर बूथचं वर्णन असतं आणि खाली क्रमांक घातलेल्या अटी असतात: रंग आणि थिनर किती वापरायचा, फिल्टर कसे ठेवायचे, रोजच्या वापराची नोंद कशी करायची. हा कागद फाइलमध्ये ठेवून भागत नाही. नियम क्रमांक २०६ प्रमाणे तो यंत्रावरच लावायचा, किंवा यंत्रापासून ८ मीटरच्या आत, सहज दिसेल अशा जागी. इन्स्पेक्टर येतो तेव्हा आधी कागद वाचतो, मग यंत्राकडे वळतो.

हा परवाना देणाऱ्या संस्थेचं नाव ‘साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट’. दक्षिण कॅलिफोर्नियात तिला सगळे ‘एक्यूएमडी’ म्हणतात. मुख्यालय डायमंड बार या छोट्या शहरात. ऑरेंज काउंटी पूर्ण आणि लॉस एंजलिस, रिव्हरसाइड व सॅन बर्नार्डिनो या काउंट्यांचा मोठा भाग तिच्या हद्दीत येतो. क्षेत्रफळ सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या घरात. २५ हजारांहून अधिक ठिकाणं तिच्या परवान्याखाली चालतात. त्यात तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि कोपऱ्यावरचे पेट्रोल पंपही. रुग्णालयांचे डिझेल जनरेटर, मोठ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या, छापखाने, बॉयलर हे सगळं आहे. कामाचा विषय एकच, हवा. पाणी, कचरा, रस्ते तिच्याकडे नाहीत.

चार काउंट्यांना एकच संस्था का, याचं उत्तर तिथल्या भूगोलात आहे. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, उत्तरेला आणि पूर्वेला सॅन गॅब्रिएल व सॅन बर्नार्डिनोचे उंच डोंगर. समुद्रावरून येणारी थंड हवा खाली राहते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा बसतो. खालचा धूर वर जाऊ शकत नाही. वारा तो पूर्वेकडे ढकलत नेतो आणि वाटेत उन्हात त्याचा ओझोन होतो. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर दुपारपर्यंत रिव्हरसाइडच्या माणसाच्या छातीत पोचतो. रिव्हरसाइडने आपल्यापुरते कितीही कडक नियम केले, तरी हवेवर त्यांचा परिणाम तोकडाच राहणार होता.

हे कळायला बरीच वर्षं गेली. २६ जुलै १९४३ रोजी, ऐन युद्धाच्या काळात, लॉस एंजलिस शहरावर दाट धुरकं उतरलं. डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. ठपका आला कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरकं हटेना. १९४७ मध्ये राज्याने कायदा केला आणि लॉस एंजलिस काउंटीत अमेरिकेतली पहिली काउंटी पातळीवरची हवा प्रदूषण नियंत्रण संस्था उभी राहिली. तिने आधी कारखान्यांचा धूर आणि गंधक यांच्यावर लक्ष दिलं. १९५७ मध्ये घरोघरच्या परसात कचरा जाळायच्या भट्ट्या बंद झाल्या.

खरा उलगडा केला तो आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. कॅलटेकमध्ये तो अननसाच्या स्वादाचं रसायन शोधत होता. तीच उपकरणं त्याने शहराच्या हवेकडे वळवली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं, की पेट्रोलमधून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकमेकांशी क्रिया करतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. ओझोनने रबराला चिरा पडतात. त्या काळी ताणलेल्या रबराच्या पट्ट्यांवरच्या चिरांवरून हवेतल्या ओझोनचा अंदाज घेतला जाई. आता मोटार आणि पेट्रोल पंपही आरोपींच्या यादीत आले. १९७७ मध्ये चारही काउंट्यांच्या संस्था एकत्र होऊन आजची एक्यूएमडी झाली. तिच्या नियामक मंडळावर १३ सदस्य असतात. दहा जण काउंट्यांचे आणि शहरांचे लोकप्रतिनिधी, तर उरलेले तिघे राज्य पातळीवरून नेमलेले.

संस्थेच्या कामाचा कणा म्हणजे परवाना, आणि तो दोन टप्प्यांत मिळतो. यंत्र बसवण्याआधी बांधणीचा परवाना, ते सुरू झाल्यावर चालवण्याचा. अर्ज आला की एक इंजिनिअर नकाशे, इंधन, धुराडं, शेजारची वस्ती हे सगळं तपासतो. विषारी वायू सुटणार असतील तर हिशेब माणसांच्या आयुष्याचा होतो: त्या यंत्राशेजारी दीर्घकाळ राहणाऱ्या माणसाला कर्करोगाचा धोका किती वाढेल? १० लाखांत एकापेक्षा जास्त वाढत असेल, तर उत्तम नियंत्रण यंत्रणा बसवावीच लागते. ती बसवूनही आकडा १० लाखांत दहाच्या वर जात असेल, तर परवाना मिळत नाही.

मोठ्या उद्योगांना आणखी एक अट आहे. नव्या यंत्रातून जितकं प्रदूषण होणार, त्याच्या १.२ पट घट दुसरीकडे झाल्याचं श्रेय आणावं लागतं. एखादा कारखाना बंद झाला किंवा त्याने आपला धूर कायमचा कमी केला, की त्या घटीचं प्रमाणपत्र तयार होतं आणि ते विकता येतं. म्हणजे या खोऱ्यात नवा मोठा कारखाना येतो तेव्हा हवेतल्या एकूण धुराचा आकडा कागदोपत्री खाली यावा लागतो. वर्षाला चार टनांहून कमी प्रदूषण करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना यातून सूट आहे, म्हणून पेट्रोल पंपवाल्याला किंवा छापखानेवाल्याला अशी प्रमाणपत्रं शोधत हिंडावं लागत नाही.

बाजाराची युक्ती दर वेळी चालली नाही. १९९४ मध्ये संस्थेने ‘रिक्लेम’ नावाची योजना सुरू केली. मोठ्या कारखान्यांना नायट्रोजन आणि गंधकाच्या ऑक्साइडचा कोटा दिला, तो दरवर्षी कमी करत नेला आणि कोट्याच्या खरेदी-विक्रीला मुभा दिली. सुरुवातीचा कोटा इतका सढळ होता, की अनेकांनी नियंत्रण यंत्रणा बसवणं पुढे ढकललं. २०००-०१ च्या वीजटंचाईत वीजकेंद्रं जोरात चालली आणि कोट्याचे भाव भडकले. अखेर २०१७ मध्ये योजना टप्प्याटप्प्याने गुंडाळून पुन्हा यंत्रागणिक नियम लावायचं ठरलं.

कागदावरची अट खरोखर पाळली जाते का, हे पाहायला शेवटी माणूसच लागतो. धुराड्यातून निघणारा धूर किती गडद आहे हे इन्स्पेक्टर आजही डोळ्यांनी ठरवतो, आणि त्यासाठी त्याला परीक्षा द्यावी लागते. मोकळ्या मैदानात एक यंत्र धूर सोडतं, २५ वेळा काळा आणि २५ वेळा पांढरा. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायचं आणि प्रत्येक वेळी धूर किती टक्के अपारदर्शक आहे ते पाच-पाच टक्क्यांच्या पायरीने लिहायचं. एकही अंदाज १५ टक्क्यांहून जास्त चुकलेला चालत नाही आणि सरासरी चूक साडेसात टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ही परीक्षा दर सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. या सरावामुळे इन्स्पेक्टरने नोंदवलेला आकडा कोर्टातही टिकतो.

वास मात्र असा मोजता येत नाही. २०१३ मध्ये अर्विंडेल गावात हा प्रश्न जगभर गाजला. तिथे ‘हुई फाँग’ कंपनीचा श्रीराचा सॉसचा कारखाना आहे. हंगामात लाल मिरच्या दळल्या जात तेव्हा शेजारच्या लोकांना ठसका लागे, डोळ्यांतून पाणी येई. गावाच्या प्रशासनाने कंपनीला कोर्टात खेचलं. एक्यूएमडीकडेही तक्रारी आल्या. तिचे इन्स्पेक्टर जाऊन आले, पण नियमभंगाची नोटीस निघाली नाही. २०१४ मध्ये गावाने दावा मागे घेतला. तक्रार आली की जायचं, तपासायचं आणि पुरावा असेल तरच नोटीस काढायची ही शिस्त इथे दिसली. तक्रारदाराला तिचा राग येतो, कारखानदाराला आधार वाटतो. जिथे वास शेजाऱ्यांना खरोखर असह्य असल्याचं सिद्ध होतं, तिथे याच नियमांखाली नोटिसा निघतात.

यंत्र अचानक बिघडलं आणि अट पाळणं अशक्य झालं, तर उद्योजकाला स्वतंत्र सुनावणी मंडळापुढे मुदत मागता येते. मंडळावर एक वकील, एक इंजिनिअर, एक वैद्यकीय क्षेत्रातली व्यक्ती आणि दोन सामान्य नागरिक असे पाच जण असतात. सुनावणी उघडपणे चालते, त्यामुळे शेजारी राहणाऱ्यालाही तिथे येऊन बोलता येतं.

इतकं करूनही परवान्याचा हात एका टप्प्यापाशी थांबतो. या खोऱ्यातल्या नायट्रोजन ऑक्साइडपैकी सुमारे ८० टक्के ट्रक, जहाजं, रेल्वे इंजिनं, विमानं आणि मोटारींतून येतो. लॉस एंजलिस आणि लाँग बीच ही अमेरिकेतली सर्वांत मोठी जोडबंदरं याच हद्दीत आहेत. वाहनांचे मानदंड मात्र राज्य आणि केंद्र सरकार ठरवतात. चालत्या ट्रकला एक्यूएमडी परवाना देऊ शकत नाही. तिथे ती आपला दुसरा हात पुढे करते, तो पैशांचा.

१९८८ पासून संस्थेचं स्वच्छ इंधन खातं चालतं. हद्दीत नोंदणी होणाऱ्या प्रत्येक वाहनामागे वर्षाला एक डॉलर या खात्यात येतो. त्यातून इंधनपेशी, कमी धुराची इंजिनं आणि विजेवरचे अवजड ट्रक यांच्या चाचण्यांना पैसा मिळतो. नियामक मंडळाची बैठक सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी होते. निविदा आणि प्रस्ताव मागवायला तिथेच मंजुरी मिळते, आणि ही कागदपत्रं कुणालाही वाचता येतात. प्रस्तावांना गुण देताना छोटे व्यावसायिक, अपंग माजी सैनिकांच्या कंपन्या आणि स्थानिक कंपन्या यांना जादा गुण मिळतात. कमी प्रदूषण करणारी वाहनं वापरणाऱ्या आणि गर्दीची वेळ टाळून माल पोचवणाऱ्या कंपन्यांसाठीही जादा गुण आहेत. साधा माल पुरवणाऱ्या दुकानदारालाही आपली व्हॅन कोणती आणि ती रस्त्यावर कधी असते याचा विचार करावा लागतो.

जुनी डिझेल इंजिनं बदलायला राज्याच्या ‘कार्ल मॉयर’ योजनेचं अनुदान याच संस्थेमार्फत मिळतं. त्यातली एक अट डोळ्यांना दिसणारी आहे. नवं इंजिन घेणाऱ्याने जुन्याच्या ब्लॉकला किमान तीन इंच व्यासाचं भोक पाडायचं आणि फोटोसह पुरावा द्यायचा. ते इंजिन दुसऱ्या गावात विकून तिथे धूर ओकू नये म्हणून हे भोक.

परवाना आणि पैसा हे दोन्ही हात एकत्र चालले की काय होतं, हे ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात दिसलं. कपडे धुवायला वापरलं जाणारं पर्क्लोरोइथिलीन कर्करोगाला कारण ठरू शकतं. डिसेंबर २००२ मध्ये एक्यूएमडीने ते टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम केला. असं पाऊल अमेरिकेत तिनेच पहिल्यांदा उचललं. नव्या दुकानात ते यंत्र बसवायला बंदी आली आणि जुन्या दुकानांना २०२० च्या अखेरीपर्यंत मुदत मिळाली. पाण्यावर किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रं घेणाऱ्यांना अनुदान दिलं. हे धंदे बहुतेक कुटुंबांनी चालवलेले होते. १८ वर्षांची मुदत मिळाल्याने चालू यंत्राचं आयुष्य संपेपर्यंत थांबून नवं घेणं त्यांना शक्य झालं.

हवा सुधारली आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे वर्षाला शंभराहून अधिक दिवस ओझोनच्या धोक्याचे इशारे द्यावे लागत. त्या पातळीचे दिवस आता इतिहासजमा झाले आहेत. तरीही आजच्या कडक केंद्रीय मानकाची मर्यादा वर्षातले शंभरावर दिवस ओलांडली जाते, आणि अमेरिकेतल्या सर्वाधिक ओझोनच्या शहरांच्या यादीत लॉस एंजलिस अजून वरच्या जागी असतं. म्हणूनच मे २०२१ मध्ये संस्थेने गोदामांना नियमाखाली आणलं. एक लाख चौरस फुटांहून मोठ्या गोदामाने आपल्याकडे येणाऱ्या ट्रकच्या फेऱ्यांच्या प्रमाणात गुण कमवायचे. त्यासाठी विजेचे ट्रक घ्यावेत, चार्जर बसवावेत, छतावर सौर पॅनेल लावावेत. नाहीतर शुल्क भरावं.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थांबून भिवंडीची गोदामं आणि न्हावाशेवा बंदर आठवावं. आपल्याकडेही उद्योगाला उभारणीआधी एक आणि सुरू करताना दुसरी अशा दोन संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्याव्या लागतात. मात्र मुंबईतलं बांधकाम महापालिका बघते, ट्रकची नोंदणी आरटीओ करतं, आणि मुंबई, ठाणे, भिवंडी, नवी मुंबई यांची हवा एकच असूनही तिचा एकत्र हिशेब ठेवणारं कार्यालय नाही. दिल्ली आणि आसपासच्या राज्यांसाठी असा आयोग २०२१ च्या कायद्याने झाला. मुंबई महानगरालाही त्याची तितकीच गरज आहे.

आणि गरज पैशाच्या हाताचीही आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. आदेश योग्यच होता. पावाच्या भट्ट्यांचा धूर दाट वस्तीत पसरतो. बेकरीवाल्यांनी खर्चाची आणि जागेची अडचण मांडली, तीही खरी होती. लॉस एंजलिसच्या ड्रायक्लीनर्सना मिळाली तशी १८ वर्षांची मुदत मुंबईच्या फुप्फुसांना परवडणारी नाही. पण बदललेल्या प्रत्येक भट्टीमागे अनुदान, गॅस जोडणीसाठी एकच खिडकी आणि जुनी भट्टी पाडल्याचा फोटोसह पुरावा, एवढी योजना महापालिका आणि मंडळ मिळून एका अर्थसंकल्पात उभी करू शकतात.